कुंडीतली मिरची नेमकी कोणती? ओळख दरवर्षी चुकत असेल तर इथून सुरुवात करा

उन्हाळ्यात मसाल्यासाठी मिरच्या निवडल्या, देठं खुडताना बी सांडलं, ते झाडून कुंडीत टाकलं. पावसाळ्यात रोपं तरारली आणि दिवाळीच्या सुमारास झाड मिरच्यांनी लगडलं. आणलेल्या मिरच्या होत्या ब्याडगी, झाडाला लागल्या त्या आखूड, गुळगुळीत आणि जहाल. शेजारच्या काकू म्हणतात लवंगी, गावाकडचे काका फोटो बघून सांगतात ज्वाला, मोबाइलमधलं ॲप म्हणतं 'कॅप्सिकम ॲन्युअम'. ॲपचं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं, पण भोपळी मिरचीपासून ज्वालापर्यंत आपल्या बाजारातल्या जवळजवळ सगळ्या मिरच्यांना ते लागू पडतं, त्यामुळे हाती काहीच लागत नाही. पुढच्या वर्षी त्याच झाडाचं बी लावलं की तिसराच प्रकार उगवतो आणि नाव शोधणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ओळख चुकण्याचं मुख्य कारण म्हणजे आपण फळावरून सुरुवात करतो. लांबी, रंग, तिखटपणा या तिन्ही गोष्टी एकाच झाडावर हंगामागणिक बदलतात. फुलाची ठेवण मात्र फारशी बदलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फूल आणि पेर (फांदीवरचा सांधा, जिथून पान आणि फूल फुटतं), मग पूर्ण पिकलेलं फळ, मग बी कुठून आलं त्याची चौकशी. नाव सगळ्यात शेवटी.

आधी ती मिरचीच आहे ना?

आपोआप उगवलेल्या किंवा नर्सरीतून 'शोभेची मिरची' म्हणून आणलेल्या झाडाबाबत हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण इथे चूक झाली तर ती पोटात जाते. जेरुसलेम चेरी नावाचं एक झाड कुंडीत विकायला असतं. त्याला गोल, नारिंगी-लाल, चकचकीत फळं येतात आणि ती गोल मिरचीसारखी दिसतात. ते वांग्याच्या वंशातलं झाड असून त्याची फळं विषारी आहेत. फरक फुलात लगेच कळतो. जेरुसलेम चेरीच्या फुलात मधोमध पिवळे-नारिंगी परागकोश एकमेकांना चिकटून सुळका केल्यासारखे उभे असतात. मिरचीच्या फुलात ते सुटे सुटे असतात आणि बहुतेक वेळा निळसर-जांभळे दिसतात. फळ कापलं तर मिरची आतून पोकळ असते, जेरुसलेम चेरी टोमॅटोसारखी भरलेली. कांगोणीचं रोपही लहानपणी मिरचीच्या रोपासारखं दिसतं, पण तिला वाटाण्याएवढ्या काळ्या फळांचे घोस लागले की शंका उरत नाही. फूल बघेपर्यंत काहीही तोंडात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.

फूल कसं बघायचं

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, नुकतं उमललेलं फूल बघा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन तीन फोटो काढा: फूल समोरून, फूल बाजूने देठासकट, आणि ज्या पेरातून देठ निघालं ते पेर. हे तीन फोटो हाताशी असले की निम्मं काम झालं.

लागवडीतल्या मिरच्यांच्या एकूण पाच प्रजाती आहेत. आपल्याकडे घरी वाढणाऱ्या मिरच्या बहुधा त्यांतल्या तिघींपैकी असतात.

पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्या आणि एका पेरावर एकच फूल असेल तर ती ॲन्युअम. ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी, गुंटूर, भावनगरी, भोपळी, सगळ्या याच घरातल्या. याला एक अपवाद लक्षात ठेवा. काही ॲन्युअम वाणांना फळं झुबक्यानेच येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले ज्योती' हा वाण त्यासाठीच ओळखला जातो. त्याच्या एका झुबक्यात साधारण चार-पाच मिरच्या असतात. त्यामुळे झुबका दिसला की लगेच प्रजाती बदलू नका, पाकळ्यांचा रंगही बघा.

पाकळ्यांत हिरवट झाक असेल, त्यांची टोकं किंचित मागे वळलेली असतील, देठ ताठ वर उभं आणि फूल मात्र शेंड्याशी मान झुकवून असेल, तर ती फ्रुटेसन्स. केरळातली कांथारी या प्रजातीतली. हिची फळं लहान आणि आकाशाकडे तोंड केलेली असतात, आणि पिकल्यावर देठाची हिरवी टोपी झाडावरच ठेवून अलगद सुटून येतात. रानात पक्षी या मिरच्या खाऊन बी पसरवतात, त्यांना तिखट लागत नाही. फळ सहज सुटणं त्या पसरण्याच्या सोयीचंच आहे.

एका पेरावर दोन, तीन किंवा जास्त फुलं, पाकळ्या पांढरट-हिरवट, पानं मोठी आणि सुरकुतलेली, असं दिसलं तर चायनेन्स. भूत जोलोकिया, हाबानेरो या प्रजातीतल्या. (भूत जोलोकियात फ्रुटेसन्सचाही थोडा अंश सापडला आहे.) चायनेन्सची सगळ्यांत उपयोगी खूण फळ धरल्यावर दिसते. देठ जिथे हिरव्या टोपीला मिळतं, तिथे दोरा आवळून बांधल्यासारखी गोल खाच असते. नखाने चाचपली तरी कळते. ॲन्युअम आणि फ्रुटेसन्समध्ये देठ सरळ टोपीत मिसळतं, मध्ये आवळ नसते. सगळ्याच फळांवर ही खाच सारखी ठळक नसते, म्हणून पाच-सहा फळं तपासा.

उरलेल्या दोन प्रजाती इथे क्वचितच भेटतात. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळे-हिरवट ठिपके असतील तर बॅकॅटम, आणि ती बहुधा कुणीतरी हौशीने मागवलेल्या परदेशी बियाण्याची असते. जांभळी फुलं, केसाळ पानं आणि काळं बी असेल तर प्युबेसन्स. तिला डोंगराळ थंड हवा लागते, आपल्या उन्हाळ्यात ती तग धरत नाही.

एक झाड जवळून

बहिणीच्या गच्चीवरच्या झाडाची गोष्ट सांगतो, कारण त्यात नेहमीची सगळी गुंतागुंत एकत्र आली होती. मिरच्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या, सगळ्या उभ्या, पिकल्यावर गर्द लाल, आणि इतक्या तिखट की अर्धी मिरची आमटीला पुरायची. केरळहून आलेल्या शेजारणींनी बघताक्षणी कांथारी म्हटलं, आणि घरातही तेच नाव पडलं.

फूल बघितलं तर पाकळ्या स्वच्छ पांढऱ्या, हिरवट छटा कुठेच नाही. जवळजवळ प्रत्येक पेरावर एकच फूल. पिकलेली मिरची ओढली तर ती टोपीसकट, देठासकट आली. नुसतं फळ निघावं म्हणून जोर लावला तर फळाचीच साल फाटली. कांथारीच्या दोन्ही मुख्य खुणा बसल्या नाहीत. उभं फळ असलेली ती ॲन्युअम होती. उभ्या मिरच्या म्हणजे लवंगी किंवा कांथारीच, हा समज फार पसरलेला आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या 'पंत सी-१' या ॲन्युअम वाणाची फळंही उभीच असतात, आणि शोभेच्या मिरच्यांमध्ये तर हा गुण सर्रास आढळतो. बी कुठून आलं विचारलं तर बाजारातल्या हिरव्या मिरचीतलं होतं. त्यामुळे 'उभ्या फळाची तिखट ॲन्युअम' याच्यापुढे जाऊन वाणाचं नाव देणं मला योग्य वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

फळावरून ओळखताना

पहिल्या बहराच्या मिरच्या सोडून द्या. त्या बऱ्याचदा वाकड्या, आखूड, एरवीपेक्षा वेगळ्या निघतात. कुंडी लहान असेल, मुळांना जागा नसेल, तर सगळीच फळं खुजी राहतात आणि दहा सेंटिमीटरची ज्वाला सहा सेंटिमीटरवर थांबते. कडक थंडीत धरलेल्या फळांत बी कमी असतं आणि फळं लहान राहतात. पस्तीस अंशांच्या वर पारा गेला की फुलंच गळतात. झाडावर बोकड्या (पानं आकसून वळण्याचा रोग) असेल तर त्या झाडाच्या फळावरून काहीच ठरवू नका. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर 'कोळी' नावाची बारीक कीड. आधी त्यांचा बंदोबस्त करा, नवी निरोगी फूट येऊ द्या, आणि त्या फुटीवरचं फळ बघा.

हिरव्या फळावरूनही निवाडा नको. फूल आल्यापासून मिरची पूर्ण रंगायला दीड ते दोन महिने लागतात, तेवढं थांबावं लागतं. कच्ची मिरची जांभळी किंवा काळपट दिसली तर तो उन्हाच्या बाजूला जास्त उतरणारा रंग असतो, पिकताना जातो आणि खाली लाल निघतो. पिकल्यावरही चॉकलेटी राहणारी मिरची निराळी. तिच्यात हिरवा रंग पूर्ण जात नाही आणि लालात मिसळतो.

तिखटपणा तपासताना टोकाकडची पातळ चकती आधी चाखा, मग मधली. तिखट द्रव्य आतल्या पांढऱ्या नाळेत तयार होतं आणि ती नाळ देठाकडे जाड असते, म्हणून टोक सौम्य लागतं. बी स्वतः तिखट नसतं, नाळेला चिकटलेलं असल्यामुळे तसं वाटतं. चायनेन्सची खाच दिसली असेल तर चाखूच नका. भूत जोलोकियाची २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस नोंद झाली, तेव्हा तिची तीव्रता १० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायच्या एककाच्या) वर मोजली गेली होती. अशी मिरची हातमोजे घालून कापा. तोंड पोळलं तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. शिवाय पाणी तोडलेल्या झाडाच्या मिरच्या जास्त तिखट होतात, म्हणून नुसत्या जिभेवरून 'ही ज्वाला नाही' असा निकाल देता येत नाही.

ओळखीची नावं कशावरून ठरतात

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा ज्वाला' ओळखायला सोपी. झाड बुटकं आणि फांद्या भरपूर, फळ साधारण दहा-बारा सेंटिमीटर, वाकडं, आणि ताज्या हिरव्या सालीवरच आडव्या सुरकुत्या. ताज्या फळावर सुरकुत्या नसतील तर ती ज्वाला म्हणायला मी तरी धजणार नाही. संकेश्वरीची फळं त्याहून बरीच लांब, वीस सेंटिमीटरच्या आसपास, साल पातळ आणि झाड उंच.

ब्याडगीबाबत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, कारण आपण तिला फक्त वाळलेली बघितलेली असते. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही मिरची रंगाला गडद आणि तिखटाला कमी. तिच्या प्रसिद्ध सुरकुत्या वाळल्यावर खोल होतात, म्हणून झाडावरच्या मिरचीत त्या शोधू नका. पिकलेल्या चार मिरच्या सावलीत वाळवा आणि मग दुकानातल्या मिरचीशेजारी ठेवून बघा. तिच्यातही लांब, सडपातळ 'कड्डी' आणि आखूड, फुगीर 'डब्बी' असे दोन प्रकार आहेत. आखूड मिरची लागली म्हणजे बी फसवं निघालं असं लगेच धरू नका, आधी डब्बीशी ताडून बघा.

भिवापुरी, खोला या मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. गोव्यातल्या काणकोणच्या खोल्याच्या मिरचीला ते २०१९ मध्ये मिळालं. हे मानांकन त्या त्या भागात पिकवलेल्या मालाला असतं. पुण्याच्या गॅलरीत खोल्याचं बी लावलं तर 'खोल्याच्या बियाची मिरची' म्हणा. तेवढं अचूक आणि पुरेसं आहे.

'लवंगी' या नावावर मात्र विसंबू नका. लहान, बारीक आणि जहाल अशा कितीतरी मिरच्यांना बाजारात लवंगीच म्हणतात, आणि त्यांत दोन वेगवेगळ्या प्रजातीही येऊ शकतात.

फूल, फळ जुळतं, तरी मूळ मिरचीशी मेळ का नाही?

याचं उत्तर बियाण्यात आहे, आणि घरच्या मिरचीच्या बहुतेक कोड्यांची उकल इथेच होते.

बाजारातली बरीचशी हिरवी मिरची, आणि आता मसाल्याचीही पुष्कळशी मिरची, संकरित वाणांची असते. दोन वेगळ्या आईबापांपासून तयार केलेल्या पहिल्या पिढीची झाडं एकसारखी असतात. त्यांच्या फळातलं बी आपण लावतो ती दुसरी पिढी, आणि तिच्यात आजीआजोबांचे गुण वेगवेगळ्या तऱ्हेने वाटले जातात. एका रोपाला लांब मिरच्या, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला उभ्या. अशा झाडाला वाणाचं नाव नसतंच, कारण तसं झाड याआधी कुणी वेगळं काढून वाढवलेलं नसतं.

दुसरं कारण मधमाश्या. मिरचीचं फूल स्वतःच्या परागानेही फळतं, पण कीटक आले की शेजारचा परागही सहज येतो. प्रमाणित बियाण्याच्या मिरचीच्या शेताभोवती २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) ४०० मीटर अंतर राखावं लागतं, ते याचसाठी. गॅलरीत चार प्रकारच्या मिरच्या शेजारी शेजारी असतील तर त्यांचं बी शुद्ध राहण्याची आशा धरू नये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'तिखट मिरचीशेजारी भोपळी लावली म्हणून माझी भोपळी तिखट झाली' असं अनेक जण सांगतात. परपरागाने त्याच वर्षीचं फळ तिखट होत नाही. फळाची भिंत आणि आतली नाळ आईच्या झाडाची असते. बाहेरून आलेल्या परागाचा वाटा फक्त बियात जातो. ते बी पुढच्या वर्षी लावलं तर मात्र तिखट भोपळी येणार, कारण तिखटपणाचा गुण सौम्यपणावर वरचढ ठरतो. विकत आणलेल्या रोपाला यंदाच तिखट भोपळी आली असेल तर परागाचा आळ शेजारच्या झाडावर घालू नका. मुळातलं बीच मिश्र होतं.

भावंडांवरून पडताळणी

आपली मिरची पक्क्या वाणाची आहे की मिश्र, हे घरी तपासता येतं. एकाच मिरचीतलं बी घ्या आणि निदान सहा रोपं, सारख्या कुंड्यांत, सारख्या उन्हात वाढवा. फुलं आणि पिकलेली फळं ओळीने मांडून बघा. सगळी भावंडं जवळजवळ सारखी निघाली तर तुमच्याकडे स्थिर वाण आहे आणि नाव शोधण्यात अर्थ आहे. एखादं लांब, एखादं उभं, एखादं सौम्य निघालं तर नाव शोधणं तिथेच थांबवा. ज्याची चव आवडली ते झाड निवडा आणि पुढे त्याचंच बी धरा.

सहा कुंड्यांना जागा नसेल तर ओळखीच्या दोघा-तिघांना रोपं वाटा, फक्त फोटो पिकलेल्या फळाचे आणि मापाची पट्टी शेजारी ठेवून मागवा.

पुढच्या वर्षी तीच मिरची हवी असेल

कळी उमलायच्या आदल्या दिवशीच फांदीच्या शेंड्यावर जाळीची छोटी पिशवी चढवा. हळदीकुंकवाला वाण देताना वापरतात तसल्या पारदर्शक, नाडी ओढायच्या पिशव्या उत्तम चालतात. आत आधीच उमललेलं फूल किंवा धरलेलं फळ असेल तर ते काढून टाका. रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, म्हणजे पराग आतल्या आत पडेल. फळ हरभऱ्याएवढं झालं की पिशवी काढा आणि त्या देठाला रंगीत दोरा बांधा. हा दोरा विसरू नका, नाहीतर आठवड्याने कोणती मिरची झाकलेली होती ते कुणालाच सांगता येत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

दोऱ्याची मिरची झाडावरच लालबुंद होऊन मऊ पडेपर्यंत ठेवा. हिरव्या मिरचीचं बी पूर्ण पोसलेलं नसतं. बी काढून सावलीत वाळवा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. दोन-तीन वर्षं ते चांगलं उगवतं. मिश्र झाड असेल तर एका वर्षात सारखेपणा येणार नाही. दरवर्षी निवडलेल्याच झाडाचं झाकून धरलेलं बी लावत गेलात तर पाच-सहा पिढ्यांत झाडं बरीचशी एकसारखी यायला लागतात.

कुणाला तरी दाखवायचं असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, आणि नुसती मिरची घेऊन जाऊ नका. फुलं असलेली एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून, दोन हिरवी आणि दोन पूर्ण पिकलेली फळं देठासकट, आणि बी कुठून आलं त्याची माहिती, एवढं सोबत असलं तर समोरच्याला उत्तर देता येतं. तोवर कुंडीवर खरी माहिती लिहून ठेवा: बी कशाचं, कधी लावलं, फूल कसं, फळ उभं की लोंबतं, किती सेंटिमीटर. 'ब्याडगीच्या बियाची, आखूड, उभी, जहाल' अशी चिठ्ठी चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी पडते, आणि बी मागायला आलेल्या माणसाला आपण काय देतोय तेही तिच्यावरून नीट सांगता येतं.